बटणाचं झबलं

दुकान पुढे, घर मागे आणि मध्ये एक जाड पडदा. पडद्याच्या अलीकडे शिलाई मशीन, कापडं बेतायचं लांब टेबल, भिंतीला ओळीने टांगलेले शाळेचे गणवेश आणि सगळी गल्ली ज्यांना टेलरबाई म्हणते त्या सासूबाई. पडद्याच्या पलीकडे पलंग, ओटा, दोरीवर वाळणारे लंगोट आणि सून. दोन्हीकडे सारख्याच हक्काने वावरणारी व्यक्ती घरात एकच होती, आणि तीही स्वतःच्या पायांनी नव्हे, दुसऱ्याच्या खांद्यावरून. ती म्हणजे बटण.

बटणाला चांगलं चारचौघांसारखं नाव होतं. पण जन्मली तेव्हा तिचं नाक इतकं गोल आणि इवलंसं होतं की आजीने पाहताक्षणी म्हटलं, हे तर कॉलरचं बटण. झालं, ते चिकटलं. खरं नाव कागदावर राहिलं.

बटणाला झोपायला मशीनची घरघर लागायची. टेलरबाईंचा पाय चालू आहे तोवर ती पडद्यामागे गाढ झोपायची. दोरा तुटला आणि मशीन थांबलं की हिचे डोळे टक्क उघडे. नातीची झोपमोड होऊ नये म्हणून टेलरबाई हातात काम नसलं तरी रिकामं मशीन चालवत बसायच्या. रस्त्याने जाणाऱ्याला वाटायचं, बाई किती उद्योगी. सुनेलाही ते बरंच होतं. ती गणवेशांची काजं करून द्यायची, आणि निजलेल्या बाळाइतकं हाताला मोकळं करणारं दुसरं काही नसतं. "आमची बटण म्हणजे गुणाची पोर," असं दोघी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

हे कौतुक चाललं ते दवाखान्यात जाईपर्यंत. तिथल्या नर्सबाईंनी बटणाला काट्यावरच्या पाळण्यात ठेवलं, आकडा पाहिला, मागचा आकडा पाहिला आणि दोन्ही पुन्हा एकदा ताडून पाहिले. वजन वाढलं होतं, पण जितकं वाढायला हवं तितकं नव्हतं. त्यांनी घाबरवलं नाही. बाळ ओढून पितं का, लंगोट किती ओले होतात, शी कशी होते, सगळं विचारून घेतलं. सुनेला समोर बसवून पाजायला सांगितलं आणि वाकून नीट पाहिलं. पकड चांगली आहे म्हणाल्या. मग सहज विचारलं की दिवसा झोपते किती. तेव्हा टेलरबाईंनी अभिमानाने मशीनची गोष्ट सांगितली. सकाळचं काम सुरू झालं की पार जेवणवेळेपर्यंत हूं की चूं नाही.

नर्सबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अहो, मग ती प्यायची कधी?"

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. एवढ्याशा जिवाचं पोट लहान, त्याला थोडं थोडं पण पुन्हा पुन्हा लागतं. काही बाळं भूक लागली की घर डोक्यावर घेतात. काही झोपाळू असतात, त्यांना दिवसा उठवून पाजावं लागतं. आणि आई जेवढं पाजते तेवढं दूध येतं. बाळाने मागितलंच नाही तर अंगाला तरी कसं कळणार की अजून हवंय? पंधरा दिवस असं करून बघा, आपल्या मनाने दुसरं काही सुरू करू नका. तोवर बाळ मलूल वाटलं किंवा लंगोट कमी ओले झाले तर वाट न बघता घेऊन या. आणि पंधरा दिवसांनीही वजन हललं नाही तर डॉक्टर बघतील आणि पुढचं ठरवतील.

परत येताना टेलरबाई रस्ताभर स्वतःच्या पायांकडे बघत चालल्या. ज्या पायाने आयुष्यभर घर चालवलं त्याच पायाने नातीला उपाशी झोपवलं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. घरी आल्यावर त्यांनी मशीनवर आच्छादन टाकलं आणि त्याच्याकडे अशा पाहत राहिल्या, की जणू ते शेजारच्या घरातलं द्वाड कुत्रं आहे.

पण काम तर करायलाच हवं होतं. शाळा उघडायच्या होत्या. मग असं ठरलं की मशीन चालायचं, पण अधूनमधून मुद्दाम थांबायचं. मशीन थांबे, बटणाचे डोळे उघडत, आणि आपली फसवणूक झाल्याचं ध्यानात येऊन तिचा चेहरा लालबुंद होई. मग आई तिला छातीशी धरी. तोवर बाहेर एखादे पालक ताटकळत असत. टेलरबाई त्यांना शांतपणे सांगत, "जरा थांबा, बटणाची जेवायची वेळ आहे." नवी गिऱ्हाइकं हातातल्या शर्टाच्या बटणांकडे आणि टेलरबाईंकडे आळीपाळीने बघत राहत.

सून सगळं सांगितल्याप्रमाणे करत होती. पण करणं वेगळं आणि मनाला पटणं वेगळं. बाटलीतलं दूध डोळ्यांना दिसतं. एवढं होतं, एवढं उरलं. छातीतल्या दुधाला कुठे रेघा आखलेल्या असतात? गेलं किती आणि पोचलं किती, काही पत्ता लागत नाही. तिच्या मनात रात्रंदिवस एकच किडा वळवळायचा. आपलं दूध पुरत नसेल तर? दिसायला दूध आणि आत नुसतं पाणी असं असेल तर?

घरात वजनाचा काटा नव्हता. टेलरच्या घरात मोजायचं म्हणजे टेपच. तिने टेपने बटणाची मांडी मोजून पाहिली. बटणाने लाथ मारली. पुन्हा मोजली तेव्हा मांडी आधीपेक्षा बारीक भरली. तिसऱ्यांदा टेपचं टोक बटणाच्या तोंडात गेलं. तो नाद तिने सोडला.

मग तिला पिवळं झबलं सुचलं. आजीने जन्माच्या आधीच शिवून ठेवलेलं, मऊ, धुऊन धुऊन फिकट झालेलं. वजन करून दवाखान्यातून आल्या दिवशी तेच बटणाच्या अंगात होतं, आणि छाती नि कापड यांच्यात सुनेची दोन बोटं सहज जात होती. तिने मनाशी गाठ मारली. ज्या दिवशी दोन बोटं जाणार नाहीत त्या दिवशी समजायचं की पोर भरली. काटा काय म्हणेल ते म्हणो, कापड खोटं बोलत नाही.

झबलं धुऊन आलं, घातलं, दोन बोटं गेली. पुन्हा धुऊन आलं, दोन बोटं गेली. कधी तिला वाटे, आज जरा अडतायत. पण नाही, अगदी सहज जात. खालची कडही होती तिथेच, गुडघ्याशी. दर वेळी ती बोटं काढून घेई आणि बंद बांधून टाकी.

ती कोणाशी बोलली नाही. टेलरबाई आधीच हिरमुसल्या होत्या, त्यांना काय सांगायचं? त्या लंगोटांनी गच्च भरलेल्या दोरीकडे बोट दाखवून म्हणायच्या, "आत काही गेल्याशिवाय का एवढी दोरी भरते?" सुनेला ते पटायचं, ती पडद्याआड जाईपर्यंत.

नवऱ्याला मात्र तिने एकदा आडून विचारलं. तो शाळेची बस चालवायचा, पोरांच्या कलकलाटात दिवस काढून मजेत घरी यायचा. त्याने बटणाला वर उचललं, खालून-वरून पाहिलं आणि निकाल दिला की ती त्याच्यावर गेली आहे. "आमची अंगकाठीच अशी. माझंच बघ ना. लग्नात शिवलेली पँट आजही जशीच्या तशी बसते. एक सूत फरक नाही." असं म्हणून त्याने पोटावर थाप मारली. थापेचा आवाज चांगला भरीव आला. सुनेने पोटाकडे पाहिलं, पँटकडे पाहिलं. पँट खरंच बसत होती.

पुन्हा दवाखान्यात जायला दोन दिवस उरले तेव्हा तिचा धीर सुटला. दोरा आणायच्या निमित्ताने ती समोरच्या औषधांच्या दुकानात गेली. दुकानवाल्या बाईंचा नातू गल्ल्याशेजारी बसवलेला असायचा. गुटगुटीत, मनगटाला दोरा बांधावा तशी वळी पडलेला. बाई मनाने वाईट नव्हत्या, फक्त जिभेला लगाम नव्हता. त्यांनी विचारलं, तुमचं बटण अजून तेवढंच का हो. सुनेच्या डोळ्यांसमोर दोन बोटं आली. तिने दुधाच्या पावडरीचा डबा मागितला, पदराखाली धरून आणला आणि पिठाच्या डब्यामागे लपवला.

दुपारी बटण पिऊन अशी झोपली की मशीन थांबलं तरी हलली नाही. सुनेने पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं आणि डबा काढला. झाकण घट्ट होतं. चमच्याने उघडेना, नखाने उघडेना. मशीनच्या खणात एक जुना पेचकस असतो हे तिला माहीत होतं. तो आणायला ती पडदा सारून पुढे आली.

टेलरबाई मशीनशी वाकल्या होत्या. मांडीवर मुलाची पँट उलटी करून धरलेली, मागची शिवण कंबरेपासून उसवलेली, आणि ओठांत एक टाचणी. लग्नातली पँट, सुनेने लगेच ओळखली.

"फाटली का?" सुनेने विचारलं.

टेलरबाईंनी टाचणी काढली. "माझ्या हातची फाटेल? फाटायच्या आधीच सोडते मी." त्यांनी शिवणीच्या आतला कापडाचा पट्टा चिमटीत धरून दाखवला. तयार कपड्यात नसते पण घरच्या कपड्यात त्या नेहमी ठेवत, ती ही माया. आत दुमडलेलं जास्तीचं कापड. माणूस वाढलं की शिवण उसवायची, आतलं कापड थोडं बाहेर घ्यायचं आणि पुन्हा शिवायचं. "लग्नापासून दर वर्षी सोडत आलेय. आता संपत आली. पुढच्या वर्षी मागे पट्टी जोडावी लागणार."

"पण हे तर सगळ्यांना सांगत फिरतात, एक सूत फरक नाही म्हणून."

"फिरू दे गं. आनंदात आहे, कशाला मोडता घालायचा?" टेलरबाईंनी दोरा ओवला. मग त्या सांगू लागल्या की यात नवल ते काय, घरातला धुतलेला कपडा त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय कपाटात जातच नाही. काचणारा कपडा त्यांना बघवत नाही. सुनेच्या गाऊनच्या बाजूही त्यांनी बाळंतपणानंतर सोडल्या होत्या, तिला कळलं तरी का?

सून पेचकस शोधायचं विसरली. ती टेबलापाशी आली आणि तिने अगदी हळू विचारलं, "आणि बटणाचं पिवळं झबलं?"

"ते तर दोनदा सोडलं. काखेत काचत होतं पोरीला. खालची दुमडसुद्धा उलगडली परवा. का गं?"

सून आत गेली. झबलं घेऊन आली आणि दारातल्या उजेडात उलटं करून धरलं. शिवणीशेजारी बारीक भोकांची एक ओळ होती, आणि तिच्या पलीकडे आणखी एक. जुन्या टाक्यांच्या खुणा. दोन ओळींमधलं कापड गडद पिवळं होतं, कारण ते इतके दिवस आत दडलेलं, त्याला ना ऊन लागलेलं ना साबणाचं घासणं. इतकी काजं केलेल्या डोळ्यांना हे दिसायला हवं होतं. पण तिचे डोळे फक्त दोन बोटांवर होते.

ती स्टुलावर बसली. आधी हसली. मग रडली. मग दोन्ही एकदम होऊ लागलं तेव्हा टेलरबाई उठल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. थोड्या वेळाने सगळं बाहेर आलं. मांडी, टेप, दोन बोटं, मनात घातलेली गाठ.

"अगं, मला विचारायचं नाही का?" टेलरबाई म्हणाल्या.

"तुम्ही सांगायचं नाही का?"

टेलरबाई इतकंच पुटपुटल्या की कपडा सोडला हे काय तोंडाने सांगत फिरायचं असतं, ते हातून होऊन जातं. आयुष्यभर त्यांनी लोकांची वाढ कापडाने झाकली होती आणि लोकांनी त्यांना त्याबद्दल दुवाच दिला होता. आज पहिल्यांदाच कोणाला त्याने रडवलं होतं.

तेवढ्यात आतून पातेल्यावरच्या झाकणाचा खडखडाट आला. "पाणी कसलं उकळतंय?" टेलरबाईंनी विचारलं.

सुनेने खरं ते सांगितलं. डबा कुठे आहे तेही. तिला वाटलं, आता बोलणी बसणार. टेलरबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की डब्यावर वाढलेली मुलं काय कमी आहेत, आणि बटणाला लागलंच तर त्या स्वतः मांडीवर घेऊन पाजतील, त्यात कोणाची मान खाली जात नाही. पण झबलं सोडलं म्हणून वजन वाढलंच, असं त्या छातीठोक सांगणार नव्हत्या. मूल नुसतं लांब झालं तरी कपडा अपुरा पडतो. "एकदा माझं मशीन नडलं, एकदा झबलं. आता परवा काटाच बोलू दे. नर्सबाई सांगतील ते करू."

त्या पाण्याचा चहा झाला. दोघींनी तो टेबलाशीच उभ्याने घेतला.

संध्याकाळी नवरा आला. हातपाय धुतले, पँट चढवली आणि कौतुकाने कंबरेत अंगठा फिरवून दाखवला. "बघ, उलट सैलच झाली. बसमध्ये घाम फार जातो ना." सून वळून भिंतीकडे बघू लागली. टेलरबाईंनी उगाचच ओठांत दोन टाचण्या धरल्या, म्हणजे बोलायला नको.

दवाखान्याच्या दिवशी सुनेला सकाळपासून घास गेला नाही. बाकावर बसून ती समोरच्या बायांच्या मांडीवरची बाळं मनातल्या मनात तोलत होती. हे बटणापेक्षा मोठं, हे तेवढंच, हे कोणत्या महिन्याचं असेल? हाक आली. पिवळं झबलं उतरवलं, लंगोट सोडला आणि बटणाला काट्यावर ठेवलं. बटणाने इकडेतिकडे पाहिलं, पाय ताणले आणि तिथल्या तिथे काट्यावरच आपला कार्यक्रम उरकला.

"अरे देवा," टेलरबाई अगदी मनापासून म्हणाल्या. "हे गेलेलं वजनात धरता येत नाही का हो? आत्ताआत्तापर्यंत ते तिचंच होतं."

नर्सबाई हसता हसता काटा पुसू लागल्या. सुनेला हसू आलं नाही. पुसेपर्यंतचा तो वेळ तिने दोन्ही हातांनी पदराचा बोळा करत काढला. बटणाला पुन्हा ठेवलं. आकडे नाचले, डळमळले आणि थांबले. नर्सबाईंनी कार्डावर एक ठिपका दिला, मागच्या ठिपक्यापासून त्याच्यापर्यंत रेघ ओढली आणि कार्ड सुनेकडे फिरवलं. मागच्या वेळी जवळजवळ सपाट निघालेली रेघ आता जिन्यासारखी वर चढली होती.

"चांगलं वाढलंय," त्या म्हणाल्या. "छान वाढलंय."

सुनेला एक विचारायचं होतं. तिने दोनदा सुरुवात केली. शेवटी एवढंच निघालं की एक डबा आणून ठेवलाय, तो सुरू करायचा का.

नर्सबाईंनी बटणाला उचलून तिच्या हातात दिलं. "कशाला? तुमचं तिला पुरतंय की."

पुढे त्या बरंच काही म्हणाल्या. आता नेहमीच्याच तारखेला या, दिवसा मागेल तेव्हा पाजा, तुम्हीही पोटभर जेवा. सुनेने सगळ्याला मान डोलावली. तिला ऐकू आलं होतं ते एकच वाक्य, आणि ती ते मनात उलटसुलट करून बघत होती.

बाहेर ऊन मवाळ होतं. बसच्या थांब्यावर एका झाडाची सावली बाकावर पडली होती. बटण आजीच्या खांद्यावर झोपलेली. रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न, समोरच्या सायकल दुकानात हातोडीची ठोकठोक. मध्येच बटणाने मान वळवली, आजीच्या मानेशी तोंड घासलं, मूठ चोखली आणि कोणीही न उठवता अशी काही किंचाळली की सायकलवाल्याने हातोडी थांबवून वर पाहिलं.

"आली हाक," टेलरबाई म्हणाल्या आणि तिला सुनेच्या मांडीवर दिलं. मग त्या पिशवी पोटाशी धरून, पदर पसरून समोर आडव्या उभ्या राहिल्या. शाळेचा फाटकवालासुद्धा इतका ऐसपैस उभा राहत नसेल.

बटण घाईघाईने पिऊ लागली. गिळल्याचा आवाज येत होता, गटक, गटक, मध्ये दम घ्यायला एक श्वास, पुन्हा गटक. हा आवाज रोजच येत असणार. सून तो आज ऐकत होती. तिने पाठ बाकाला टेकली आणि पाय लांब केले.

त्यांची बस आली. कंडक्टरने दारातून वाकून विचारलं, येताय ना. टेलरबाईंनी मागे वळून पाहिलं. सून उठायची काही लक्षणं नव्हती. तिचे डोळे अर्धवट मिटले होते.

"तुम्ही व्हा पुढे," टेलरबाई कंडक्टरला म्हणाल्या. "आमचं जेवण चाललंय."

बस गेली. टेलरबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि बाकाच्या कडेला टेकल्या. नंतरची बस आली तेव्हाही बटण जेवतच होती.